छोट्या बाईंच्या प्रवेशाविषयी

आदरणीय अध्यक्षा, माझ्या उजव्या हाताला बसलेले आमचे प्राचार्य, डाव्या हाताला बसलेल्या ग्रंथपालबाई, ज्यांनी आत्ताच माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की माझ्यामागे दुसरं कोणी उभं आहे का ते मी वळून पाहिलं. सर्व शिक्षक सहकारी, मेसची मंडळी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. आणि आज इथे नेमकं काय चाललंय हे ज्यांना अजून नीटसं उमगलेलं नाही, अशा सर्व पालकांनो आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुलामुलींनो.

पालकांना आधी खुलासा करायला हवा. तुम्ही कॉलेज बघायला आलात आणि एका बाईच्या निरोप समारंभात अडकलात. झालं असं, की आमच्याकडे सभागृह एकच. पालक-भेटीची तारीख आमच्या हेडक्लार्कनी वर्षाच्या सुरुवातीलाच लावून ठेवली होती आणि माझा निरोपही त्यांनीच लावला, त्याच दुपारी, त्याच सभागृहात. चूक लक्षात आली तोवर दोन्हीकडची आमंत्रणं गेलेली होती. प्राचार्य म्हणाले, "जाऊ दे बाई, एकाच चहात दोन्ही उरकू." मी म्हटलं, उरका. पालकांच्या स्वागताचं भाषण एरवीही मीच करते, त्यामुळे माणूस बदलायचा प्रश्न नव्हता. तेव्हा पालकहो, छोटं कॉलेज कसं असतं याचा पहिला नमुना तुम्हाला बसल्या जागी मिळाला. इथे सगळं एकाच खोलीत होतं.

मी या कॉलेजात प्रवेशाचं काम बघते. बघत होते, असं म्हणायची सवय आता लावून घ्यायला हवी. काम म्हणजे काय? मुलाला घेऊन आईवडील येतात, माझ्या खोलीत बसतात, पाणी पितात, भिंतीवरचे फोटो बघतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात. "बाई, आमच्या मुलाला हे कॉलेज मानवेल का?" याचं उत्तर देण्यासाठी मला पगार मिळत होता. बहुतेक ठिकाणी माझ्या जागेवरच्या माणसाने "हो" म्हणायचं असतं. मी बऱ्याचदा "नाही" म्हणत आले. त्यामुळे पाठीमागे मला सगळे 'नकारघंटा' म्हणतात. पाठीमागे म्हणजे कॅन्टीनमध्ये, आणि कॅन्टीन माझ्या खिडकीखालीच आहे. अध्यक्षा हसताहेत, म्हणजे त्यांच्याही कानावर आलेलं दिसतंय.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. आजारी वगैरे नाही, काळजी करू नका. पण तेच स्वागत, तीच माहितीपत्रकं, तोच जिना, "इकडून या, जरा डोकं सांभाळा," हे वर्षानुवर्षं बोलून बोलून माणूस आतून झिजतो. अलीकडे कोणी माझ्या घरचं दार वाजवलं तरी तोंडातून आपसूक "आपलं स्वागत आहे, पाल्याचं नाव?" असं येतं. परवा दूधवाला त्यामुळे बराच वेळ गोंधळून उभा होता. इतकी वर्षं लोकांच्या मुलांविषयी मत देणं हे ओझं आहे, हे काम सोडताना मला जाणवतंय. पेलताना तितकं जाणवत नाही.

तर, कसं ओळखायचं? आज शेवटचं सांगायचं आहे, तेव्हा हातचं काही राखत नाही.

लिबरल आर्ट्सचं कॉलेज म्हणजे पहिली दोन वर्षं मुलगा सगळं शिकतो. इतिहास, गणित, थोडं जीवशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान. मग त्यातलं एक निवडतो. एक कापडाचे व्यापारी होते, मुलीला घेऊन आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे तर नमुन्याचे तुकडे झाले. अख्खं ठाण कुठे मिळतं?" मी म्हटलं, "तुकडा दाखवल्याशिवाय तुम्ही तरी ठाण विकता का?" गृहस्थ खूश झाले. पण दारातून परत वळले आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण पोरगी पुढे होणार काय?" हा प्रश्न आजही इथे बसलेल्या प्रत्येक वडिलांच्या पोटात आहे. आयांच्याही आहे, त्या वडिलांना कोपर मारून विचारायला लावतात. त्याचं माझं उत्तर आहे, मला माहीत नाही. हे उत्तर आम्ही माहितीपत्रकात छापत नाही, प्राचार्य छापू देत नाहीत. ज्या घराला या उत्तराने रात्र रात्र झोप लागणार नाही, त्या घराने इथे येऊ नये. मुलगा कितीही हुशार असला तरी येऊ नये. कारण ती झोप न लागणं मग रोज संध्याकाळी फोनवरून मुलापर्यंत पोहोचतं.

दुसरं, मुलाचे हात बघा. म्हणजे मी ज्योतिष सांगत नाहीये. एक जोडपं आलं होतं, दोघंही प्राध्यापक. वडील आमच्या अभ्यासक्रमाविषयी माझ्यापेक्षा जास्त बोलत होते आणि मुलगा माझ्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत होता. तो पंखा बरीच वर्षं मान हलवताना अडखळायचा, मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आईवडील ग्रंथालय बघायला गेले तसं पोराने विचारलं, "बाई, स्क्रू-ड्रायव्हर आहे का?" ती मंडळी परत येईपर्यंत पंखा सुतासारखा सरळ फिरत होता आणि पोराच्या चेहऱ्यावर तासाभरात पहिल्यांदा तरतरी आली होती. आमच्याकडे गोल टेबलाभोवती बसून बोलायचं असतं. सकाळी बोलायचं, दुपारी बोलायचं, वाचून आल्यावर पुन्हा त्यावर बोलायचं. मी त्या दोघांना म्हटलं, "याला यंत्रं हाताळायला मिळतील अशा ठिकाणी घाला. इथे याला शिक्षा होईल." आई उठून उभी राहिली. "म्हणजे आमचा मुलगा बुद्धीने कमी आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?" मी परोपरीने सांगितलं, पण छे. पुढे एकदा चपलांच्या दुकानात त्या बाई समोर आल्या. त्यांनी मला ओळखलं आणि लहान मुलांच्या सँडल्स फार मन लावून बघायला लागल्या. तो मुलगा आता काय करतो, मला ठाऊक नाही. ज्यांना आपण नाही म्हटलं त्यांचं पुढे काय झालं, हे आपल्याला कोणी कळवत नाही.

आता छोटेपणाविषयी. आमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, "इथे प्रत्येक विद्यार्थ्याला सगळे नावाने ओळखतात." ते अगदी खरं आहे. तुमचं मूल सकाळी वर्गात दिसलं नाही, तर संध्याकाळच्या आत कोणीतरी त्याच्या खोलीचं दार वाजवतं. पालकांना हे वाक्य फार आवडतं. डोळ्यांत पाणी येतं एकेकाच्या. पण मुलाला हे वाक्य कसं ऐकू येतं, याचा विचार कोणी केलाय का?

आमच्याकडे एक मुलगी होती. वक्तृत्वाच्या ढालींनी घरातलं कपाट भरलेलं. वर्गात तिच्यासारखी दुसरी नाही. तिचं आणि खोलीतल्या मैत्रिणीचं बिनसलं. कशावरून? तर रात्री खिडकी उघडी ठेवायची की बंद. मोठ्या ठिकाणी काय झालं असतं? ही या जिन्याने गेली असती, ती त्या जिन्याने. चार मैत्रिणी इकडे, चार तिकडे. इथे जिना एक, मेस एक, चहाची जागा एक आणि वर्गातल्या टेबलाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला तीच मैत्रीण. आमच्या मेसच्या व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की एक ताट रोज उरतंय. पोरगी खोलीत बिस्किटं खाऊन दिवस काढत होती. सगळ्यांनी समजूत काढली, खोली बदलून दिली, पण टेबल कुठून बदलणार? वर्ष संपल्यावर ती कॉलेज सोडून गेली. मुलगी चांगली, कॉलेजही चांगलं, आणि तरी जमलं नाही. तेव्हापासून मी मुलांना विचारते, "कोणाशी भांडण झालं की तू कुठे जातेस?" ज्याला जायला एक लांबचा कोपरा लागतो, त्याने हे कॉलेज निवडताना दहा वेळा विचार करावा. इथे कोपरे नाहीत.

आणि एक माझी स्वतःची पद्धत. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कारण सांगितली की चालत नाही. मी प्रश्न मुलाला विचारते. उत्तर आई देते, नाहीतर वडील देतात, हे ठरलेलंच. त्या वेळी मी उत्तराकडे लक्षच देत नाही. मी मुलाकडे बघते. आई सांगत असते, "तिला ना, अशाच शांत वातावरणात शिकायचंय," आणि मी बघत असते की पोरगी आधी कोणाकडे बघते आणि मग हसते. ज्याला खरंच यायचं असतं ते मूल आधी हसतं, मग आईकडे बघतं. ज्याला यायचं नसतं ते कपाळाला आठ्या घालतं, त्याची मला कधी चिंता वाटली नाही, ते आपलं आपण सांगतं. मला धास्ती असते ती तिसऱ्याची. ते आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतं, मग वडिलांच्या, मग माझ्या. सगळे खूश आहेत ना याची खात्री करून घेतं आणि मग हसतं. अशा मुलांचे पालक मला हमखास सांगतात, "आमची फार समजूतदार आहे हो." हा शब्द ऐकला की मी आईवडिलांना चहाला पाठवते आणि मुलाजवळ खुर्ची ओढून बसते.

इथपर्यंतचं भाषण मी काल रात्री कागदावर लिहून काढलं होतं. पुढे आभार होते आणि भाषण संपत होतं. कागद अजून हातात आहे, पण पुढचं त्यावर नाही. आणि ते बोलायचं माझ्या जिवावर येतंय.

मघाशी प्राचार्यांनी एक घोषणा केली. पालकांना संदर्भ कळला नसेल, म्हणून सांगते. तिसऱ्या रांगेत माझी लेक बसली आहे. तिचं चष्म्याचं दुकान आहे, इथून बरंच लांब, दुसऱ्या शहरात. शेजारी जावईबापू आहेत, ते जमिनीच्या मोजणीचं काम करतात, महिन्यातले निम्मे दिवस त्यांचा मुक्काम बाहेरगावी. आणि दोघांच्या मध्ये माझी नात. ती यंदा कॉलेजात जाणार. प्राचार्य म्हणाले, "बाई आज निरोप घेत असल्या, तरी येत्या वर्षी त्यांची नात आपल्याकडे येते आहे. मोठ्या बाई गेल्या, तरी छोट्या बाई आल्या." तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेसच्या व्यवस्थापकांनी तर उभं राहून वाजवल्या.

त्याचं कारण आहे. ही पोर सगळ्या सुट्ट्या ग्रंथालयामागच्या माझ्या क्वार्टरमध्ये घालवत मोठी झाली. ग्रंथपालबाईंनी तिला काउंटरखाली बसवून वाचायला शिकवलं. मेसमध्ये ती ओट्यावर बसून सूप ढवळायची. गेटवरचा माणूस तिला छोट्या बाई म्हणायला लागला आणि मग सगळेच म्हणायला लागले. गेटपासून माझ्या दारापर्यंत यायला तिला अर्धा तास लागायचा, कारण वाटेत प्रत्येकाला तिची विचारपूस करायची असायची. आज इथे जो जो माझ्याविषयी बोलला, तो दोन वाक्यं माझ्याविषयी आणि चार तिच्याविषयी बोलला. तुमचं प्रेम आहे, ते मी जाणते, आणि त्यात खोट काढायची माझी मुळीच इच्छा नाही.

महिन्याभरापूर्वी लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, तिला तुझ्याच कॉलेजात घालावं म्हणतेय. तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "विचार करते." पुन्हा फोन आला, मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती वैतागली. "आई, जगातल्या लोकांच्या पोरांचं तू पाच मिनिटांत सांगतेस. माझ्या एकुलत्या एका मुलीचं सांगायला तुला काय धाड भरलीये?" मी म्हटलं, "अगं, मी आता तिथे नसणार." ती म्हणाली, "समोरच तर राहणार आहेस. मला रात्री झोप तरी लागेल." मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो. माझ्या आईपासून चालत आलंय ते. नकार द्यायचा असेल तर आम्ही तडक देतो, आणि मनातून हो असेल आणि म्हणायला लाज वाटत असेल तेव्हा 'बघू' म्हणतो. लेकीने बरोबर ओळखलं. तिने प्राचार्यांना फोन केला, आणि त्यांनी ही बातमी मला आज भेट म्हणून द्यायला राखून ठेवली. कोणाचंही काही चुकलेलं नाही. मला मनापासून हो म्हणायचं होतं, ही वस्तुस्थिती आहे. कॉलेजच्या गेटसमोर, चपलांच्या दुकानावर, दोन खोल्या मी घेतल्या आहेत. एका खोलीत माझी पुस्तकं. दुसऱ्या खोलीत खिडकीशी एक टेबल आणून ठेवलंय, आणि ते मी माझ्यासाठी आणलेलं नाही. मला वाटलं होतं, संध्याकाळी ती येईल, पिशवी कुठेतरी फेकेल, काहीतरी खाईल, वर्गात काय झालं ते सांगेल. रिकाम्या घराची मला भीती वाटते. एवढ्या माणसांत दिवस गेले की तशी ती वाटतेच. उघड सांगते, कारण हे लपवून पुढचं बोलले तर ते मोठेपणाचं वाटेल, आणि त्यात मोठेपणा काही नाही.

तर मघाशी टाळ्या वाजत होत्या, आणि मी सवयीने नातीकडे बघितलं.

ती आधी आईकडे बघून घेत होती. मग वडिलांकडे. मग तिने इकडे व्यासपीठावर माझ्याकडे पाहिलं, मी हसतेय का ते बघितलं, आणि मग ती हसली. फार गोड हसली.

आमची फार समजूतदार आहे हो ती.

मला एकदम एक गोष्ट आठवली. दोन महिन्यांपूर्वी ती मैत्रिणीबरोबर एका मोठ्या विद्यापीठाचा परिसर बघायला गेली होती. हजारो मुलं, बसने एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं, तसलं. रात्री मला फोनवर म्हणाली, "आजी, मी दुपारभर एकटी फिरले तिथे, मला कोणी हाकच मारली नाही." मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अगंबाई, कसं वाटलं असेल गं माझ्या बाळाला." ती म्हणाली, "नाही, तसं नाही," आणि मी घाईघाईने तिला सांगायला लागले की आपल्याकडे असं व्हायचं नाही, आपल्याकडे सगळे ओळखतात. ती "हो आजी" म्हणाली. तिची तक्रार नव्हती, हे मला आज, या खुर्चीवर बसल्या बसल्या, तुमच्या टाळ्यांमध्ये कळलं. ती मला काहीतरी चांगलं घडलेलं सांगत होती.

पालकहो, हे तुमच्याही कामाचं आहे, म्हणून सांगते. मी सतत मुलाचा स्वभाव बघत आले. बडबडा आहे की अबोल, वाचणारा आहे की हातांनी काही करणारा. त्या हिशेबाने माझी नात या कॉलेजासाठीच जन्माला आली आहे. वाचते, प्रश्न विचारते, भांडण झालं तर सकाळपर्यंत विसरते. दुसरी कोणी अशी मुलगी आज तुमच्यातून आली असती, तर मी उद्याच तिला घ्या म्हटलं असतं. पण ओळख मिळणं ही गोष्ट ज्याच्याकडे नाही त्याला मोलाची. जिला जन्मापासून छोट्या बाई म्हणतात, तिची ओळख इथे व्हायची कशी? ती आधीच होऊन बसली आहे. ती इथे आली तर पहिल्या दिवसापासून बाईंची नात असेल. वर्गात चुकीचं उत्तर दिलं तरी बाईंची नात, एखाद्या मुलाबरोबर कॅन्टीनमध्ये बसली तरी बाईंची नात. तुम्ही प्रेमाने माझ्या खिडकीपर्यंत सगळं पोहोचवाल. आणि मी खिडकीतच बसलेली असेन.

म्हणून प्राचार्य, माझी विनंती आहे, मघाची घोषणा झालीच नाही असं समजा. तिची जागा ज्याला द्यायची त्याला द्या. पुढेमागे तिला स्वतःलाच यावंसं वाटलं, तर ती सगळ्यांसारखी येईल, सगळ्यांसारखी माझ्या जागी येणाऱ्या नव्या बाईंसमोर बसेल आणि त्या काय ते ठरवतील. तिला काय हवंय ते मला माहीत नाही. कदाचित मोठं विद्यापीठ, कदाचित आणखी काही. मी तिला इथे उभं राहून विचारणार नाही. तीनशे माणसांसमोर मुलाला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, आणि ते मघाशी आपण सगळ्यांनी पाहिलं.

मग हे सगळं चारचौघांत बोलायचं कशाला, घरी गेल्यावर सांगता आलं नसतं का, असं माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतंय. बाळा, सांगता आलं असतं. पण 'हो' चारचौघांत झालं. ते गुपचूप मागे घेतलं असतं, तर उद्या इथे सगळे हळहळले असते की बघा, पोरीने ऐन वेळी आजीचं मन मोडलं. तिलाही ते आयुष्यभर तसंच वाटलं असतं. आता कोणी विचारलं तर सांगायला सोपं आहे. नकारघंटेने स्वतःच्या नातीलाही सोडलं नाही. ते नाव मला सवयीचं आहे, त्याचं ओझं होत नाही. तू रागाव माझ्यावर, फक्त गाडीत बसेपर्यंत थांब. आणि जावईबापू, तुम्ही नेहमीप्रमाणे मध्ये पडू नका.

आज आलेल्या बाकी पालकांना एवढंच सांगेन, की परत जाताना वाटेत लगेच "काय, कसं वाटलं?" असं विचारू नका. विचारताना तुमच्या आवाजातच उत्तर असतं. दोन दिवस जाऊ द्या. मुलगा आपणहून काही बोलला, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

आता आभार. अध्यक्षांचे, ज्यांनी माझ्या प्रत्येक नकाराची कागदोपत्री पाठराखण केली. प्राचार्यांचे, ज्यांचा आनंद मी आज बिघडवला. ग्रंथपालबाईंचे, मेसच्या मंडळींचे, गेटवरच्या मित्राचे. हेडक्लार्कचे विशेष आभार, त्यांनी तारखांचा घोळ घातला नसता तर आज पालकांसमोर उभी राहिले नसते आणि सवयीची नजरही कदाचित घरीच राहिली असती. माझ्या हातून इतक्या वर्षांत कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाला चुकीची वाट दाखवली असेल, आज बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल, तर वयाकडे आणि थकव्याकडे बघून पोटात घाला.

शेवटची एक विनंती आहे. मी आता खाली बसेन. रीतीप्रमाणे तुम्ही टाळ्या वाजवाल. त्या वेळी कृपा करून सगळ्यांनी माझ्याकडे बघा. तिसऱ्या रांगेकडे कोणीही वळून बघू नका.